गुडघा सत्तरीत, फिजिओथेरपिस्ट पडद्यावर

म्हादईकाठचा (सत्तरी)

परवा याच समूहावर ‘रोखठोक’ यांनी लिहिले की ऑनलाइन फिजिओथेरपी ही कोविडच्या काळात सुचलेली लुबाडणूक असून सांध्याला हात लावल्यावाचून सांधा बरा होत नाही. ज्यांना हे कळत नाही त्यांनी मोबाइलसमोर खुशाल नाचावे, असेही त्यांनी सुनावले. नाचाच्या त्या वाक्यावर अनेकांनी हसून दाद दिली. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आईचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत आणि सध्या ती त्याच ‘नाचा’च्या बळावर अंगण ओलांडून तुळशीपर्यंत काठीवाचून जाते, त्यामुळे मला काही हसू आले नाही. उत्तर लांबणार आहे.

मुरगळलेला पाय आणि वर्षानुवर्षे दुखणारा गुडघा एकाच मापाने मोजणे ही मुळातली गफलत आहे. हाड मोडले किंवा स्नायुबंध तुटला तर तपासणाऱ्याचा हात हवाच, त्यावर दुमत नाही. पण झिजेच्या गुडघ्यावर हाताने करण्यासारखे असते तरी किती? ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये झिजेच्या संधिवातासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे आणि रुग्णाला आजार नीट समजावून सांगणे हाच उपचाराचा गाभा मानला आहे. अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल, लेझर असले विजेचे उपचार देऊ नयेत, कारण त्यांच्या उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आता आपल्याकडे काय चालते ते पाहा. आईला मी सुरुवातीला शहरातल्या एका केंद्रात नेत असे. पडद्याआड खाट, गुडघ्याभोवती चार ओले पॅड, वरून पट्टा, यंत्राचे बटण आणि ठरलेल्या वेळाने घंटी, असा तो सोहळा असे. घंटी वाजली की मदतनीस मुलगी पॅड काढून घेई आणि व्यायामाच्या चित्रांचा पुसट झेरॉक्स हातात देई. ज्या स्पर्शाचे गोडवे ‘रोखठोक’ गातात, तो स्पर्श माझ्या आईच्या गुडघ्याला पॅड चिकटवण्यापुरताच लाभला.

आणि तेवढ्यासाठी आमच्या वाड्यावरून चढ चढून रस्त्यावर यायचे, वाळपईची बस धरायची, तिथून पुढची दुसरी बस. बसची पहिली पायरी आईच्या गुडघ्याएवढी उंच असते; उपचाराने जे काही कमावले असेल ते त्या पायरीवरच खर्ची पडे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत साठीच्या पुढचे लोक ११.२ टक्के होते आणि त्या बाबतीत आपल्यापुढे फक्त केरळ होते. या म्हाताऱ्यांची मुले पणजीत, पुण्यात किंवा आखातात आहेत. त्यांना कोणी, कितीदा आणि कसे न्यावे?

पडद्यावरच्या फिजिओथेरपिस्टने पहिल्याच भेटीत आमचे स्वयंपाकघर पाहायला मागितले. आई पाटावरून उठताना ओट्याच्या कडेला हात टेकून सगळा भार उजव्या बाजूला टाकते, हे तिला तेथे दिसले. केंद्रातल्या खाटेवर ते कधीच दिसले नसते. तिने खुर्चीवर गोधडीची जाड घडी ठेवायला लावली, हात छातीशी धरून त्यावरून उठायला शिकवले, आणि जमू लागले तशी गोधडीची एकेक घडी कमी करवली. दुखणे दहापैकी पाचाच्या आत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरले तर व्यायाम चालू ठेवायचा, नाहीतर फेऱ्या कमी करायच्या, एवढा साधा नियम आईला पाठ झाला आहे. दुखले म्हणजे काहीतरी मोडले, ही भीती त्याने गेली, आणि माझ्या मते निम्मा उपचार तोच होता.

एकट्या माझ्या आईवरून मी हे सांगत नाही. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी गुडघ्याच्या जुन्या दुखण्याचे ३९४ रुग्ण घेऊन, निम्म्यांना प्रत्यक्ष आणि निम्म्यांना व्हिडिओवरून, तीन महिन्यांत पाच भेटी दिल्या. व्हिडिओवाले दुखण्यात आणि हालचालीत प्रत्यक्षवाल्यांपेक्षा मागे राहिले नाहीत, असा निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आता खुशाल हसावे.

रोखठोक (डिचोली)

ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही.

आपल्या मातोश्री चालू लागल्या याचा आनंद आहे. आता आमच्या वहिनींची हकीकत ऐका. दोन्ही हातांची बोटे आणि गुडघे दुखू लागले, म्हणून मोबाइलवरची जाहिरात पाहून तिने तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. समोर एक गोड बोलणारी मुलगी आली, तिने प्रश्नावली भरून घेतली, ‘वयोमानाने झीज’ असे सांगितले आणि रबरी पट्टा ओढायला लावला. वहिनी सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटू शकत नव्हती, चहाचा कपही दोन्ही तळव्यांत धरावा लागे. झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो आणि त्याहून जास्त टिकला तर आमवाताची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या आजाराची, शंका घ्यावी, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्या मुलीने ते विचारलेच नाही. शेवटी आमच्या गावच्या साध्या डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला, बोटांच्या मुळांशी दाबून पाहिले, तेथे सूज आणि ऊब लागली, आणि त्यांनी रक्त तपासायला पाठवले. निदान आमवाताचेच झाले. या आजारात औषध जितक्या लवकर सुरू होईल तितके सांधे वाचतात; आमचे ते महिने रबरी पट्टा ओढण्यात गेले. हातात हात घेण्याला काही अर्थ नसतो, असे आता तिच्यासमोर येऊन म्हणा.

राहता राहिला आपला मेलबर्नचा अभ्यास. त्यात घेतलेल्यांचे दुखणे झिजेचेच आहे, हे निकष लावून आधी ठरवले होते आणि समोर पात्र फिजिओथेरपिस्ट होते. आपल्याकडे हे आधीचे ठरवणे कोण करतो? शिवाय व्यायामाचे जे कौतुक आपण मांडले आहे, त्यावर उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०२४ चा आढावाही वाचून पाहावा. व्यायामाने दुखणे कमी होते, पण ते थोडेच आणि रुग्णाला ठळक जाणवेल इतके असते की नाही याची खात्री देता येत नाही, अशा अर्थाचे त्यात लिहिलेले आहे. थोड्याशा फायद्यासाठी आगाऊ पैसे भरायचे आणि तेही न तपासता, याला मी लुबाडणूक म्हणतो. दुसरा शब्द असल्यास सुचवावा.

कुळागरी (फोंडा)

दोघांचेही वाचले. मला दोन्ही बाजूंचा अनुभव आहे आणि दोन्ही बाजूंचा राग आहे.

आमचे घर कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, वरच्या अंगाला आहे. तेथे मोबाइलला जाळे येते ते फक्त गोठ्याच्या मागे, म्हणून माझी ऑनलाइन फिजिओथेरपी म्हशीच्या साक्षीने झाली. जून ते सप्टेंबर वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने पाय वर उचललेल्या अवस्थेत समोरचे चित्र गोठायचे आणि पाय खाली ठेवावा की नको हे कळायचे नाही. पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. माझी फिजिओथेरपिस्ट बंगळुरूची होती. तिने पहिल्या दिवशी मला तीन आज्ञा दिल्या: उकिडवे बसू नका, मांडी घालू नका, पायऱ्या टाळा. मी तिला सांगितले की बाई, पडलेली सुपारी उभ्याने वेचता येत नाही, जेवण खाली बसून होते, आणि पायऱ्या टाळल्या तर मी माझ्याच घरात पोचत नाही. त्यावर ती म्हणाली, ‘मग जीवनशैली बदलावी लागेल.’ जीवनशैली! ज्या बाईने कुळागर कधी पाहिले नाही, तिने सुपारीच्या हंगामात मला खुर्चीवर बसायला सांगावे, हा ऑनलाइन उपचाराचा खरा दोष आहे. म्हादईकाठच्यांना स्वयंपाकघर पाहणारी मिळाली हे त्यांचे नशीब.

टाळकरी (पेडणे)

कुळागरी यांनी मांडीचा विषय काढलाच आहे तर मला बोलल्यावाचून राहवत नाही, कारण हे मांडीबंदीचे खूळ आता आमच्या देवळात शिरले आहे.

गेल्या दोनतीन वर्षांत आमच्या भजनाला सभामंडपात प्लॅस्टिकच्या खुर्च्या येऊ लागल्या. आधी एक म्हातारे गृहस्थ बसले, त्यांना कोणी काही म्हटले नाही. मग त्यांच्या शेजारी चाळिशीतले बसू लागले, आणि विचारले तर उत्तर एकच: ‘फिजिओने खाली बसायला मनाई केली आहे.’ गेल्या सप्ताहात तर आमच्या पखवाजवाल्याने स्टुलाची मागणी केली. भजन म्हणजे काय लग्नाचा हॉल आहे? आमचे आजे-पणजे जमिनीवर बसून जेवले, जमिनीवर बसून गायले, उकिडवे बसून शेतात लावणी केली. त्यांचे गुडघे बदलायला कोणी शस्त्रक्रिया करत नव्हते. सांध्याला हालचाल लागते हे तुम्हीच म्हणता, आणि जी हालचाल आपण जन्मापासून करत आलो तिच्यावरच बंदी घालता. या पडद्यावरच्या उपचारांनी माणूस बरा होतो की नाही मला ठाऊक नाही, पण तो खुर्चीला चिकटतो एवढे मी पाहिले आहे.

बार्देशकर वाचक

हा धागा गुडघ्यांच्या उपचाराचा आहे की देवळातल्या खुर्च्यांचा, ते कृपया एकदा ठरवावे.

टाळकरी (पेडणे)

ज्यांना दोन्हींचा संबंध दिसत नाही त्यांनी वाचू नये. आपल्याला कोणी आमंत्रण दिले नव्हते.

निवृत्त शिक्षिका (काणकोण)

संबंध आहे, आणि तो बायकांनी सांगायला हवा, कारण या चर्चेत आतापर्यंत आईचे आणि वहिनीचे गुडघे पुरुषांनीच सांगितले आहेत.

आजे-पणजांचे गुडघे दुखत नव्हते असे टाळकरी लिहितात. आज्ज्यांचे दुखत होते, भाऊ. त्यांनी सांगितले नाही आणि तुम्ही विचारले नाही. माझी आजी चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) बसलेल्या सुनांना फुगडी घालायला लावायची आणि स्वतः मात्र खांबाला टेकून पाय लांब करून बसायची. ‘माझे वय झाले’ म्हणायची. आम्हाला वाटे ती थकली. उठताना तिला दोघींनी काखेत हात घालून उचलावे लागे, हे आज आठवते तेव्हा कळते की तो गुडघा होता.

मुख्य विषयावर माझे म्हणणे असे की ‘ऑनलाइन’ हा एकच प्रश्न धरून भांडण्यात अर्थ नाही, कोणता सांधा हेही पाहावे. माझा उजवा खांदा गोठला होता. केस विंचरता येईनात, पोलक्याची मागची हुके लावता येईनात. पडद्यावर मला हात वर करून दाखवायला सांगत, मी कंबरेतून वाकून, खांदा कानाला लावून कसाबसा वर नेत असे, आणि समोरची ‘छान, सुधारणा आहे’ म्हणे. शेवटी प्रत्यक्ष दाखवले तेव्हा त्या बाईंनी माझे कोपर माझ्या बरगडीला लावून धरले आणि हात स्वतः बाहेरच्या बाजूला फिरवून पाहिला. तो मुळीच फिरला नाही. दुसऱ्याने फिरवूनही फिरत नाही, ही गोठलेल्या खांद्याची खूण आहे आणि ती कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यांनी पुढचा प्रश्न साखरेबद्दल विचारला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात, २६.४ टक्के, निघाले होते, आणि मधुमेह्यांना गोठलेला खांदा इतरांपेक्षा बराच जास्त होतो. माझी साखर तेव्हाच पहिल्यांदा कळली. पुढचे व्यायाम मात्र मी घरूनच, पडद्यावरच केले, कारण काणकोणहून रोज जाणे शक्यच नव्हते. तेव्हा मला कोणत्याही एका गटात घालू नये.

पडद्यामागची (म्हापसा)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी दवाखान्यात आणि संध्याकाळी व्हिडिओवर रुग्ण पाहते. आतापर्यंत गप्प बसले होते, कारण आमच्या पेशाबद्दल आम्ही सोडून सगळ्यांना मत असते. आमच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागावे की नाही यावर सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून एक पत्र निघाले आणि लगेच मागेही घेतले गेले. आमच्यासह इतर संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीचा कायदा २०२१ मध्ये झाला खरा. पण मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरून उपचार-सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वे लिहिली गेली ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी, आमच्यासाठी नव्हेत. अशा पोकळीत कोणीही ॲप काढतो आणि त्याची शिव्याशापांची पावती आमच्या नावावर फाटते.

‘रोखठोक’ यांच्या वहिनींच्या बाबतीत जे झाले ते अक्षम्य आहे. सकाळी किती वेळ आखडते, रात्री झोपेतून दुखण्याने जाग येते का, सांधा लाल किंवा गरम आहे का, ताप आहे का, वजन आपोआप उतरले का, गुडघा मध्येच अडकतो का, पोटरी सुजली आहे का, हे प्रश्न विचारायला हात लागत नाही, तोंड लागते. ते विचारले नाहीत हा पडद्याचा दोष नसून समोर बसलेल्या व्यक्तीचा आहे, आणि असे लोक भिंतींच्या दवाखान्यातही असतात.

पण पडद्याच्या मर्यादा मी लपवणार नाही. गुडघ्यात पाणी आहे का हे वाटीवर दाबून कळते, स्नायुबंध सैल आहे का हे पाय धरून हलवून कळते. ते व्हिडिओवर होत नाही. शिक्षिकाबाईंनी खांद्याचे जे लिहिले ते अचूक आहे. शिवाय दिसते ते तरी काय? गुडघा साडीच्या आत, साडी अंधाऱ्या खोलीत, फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला आणि चित्रात तीन चतुर्थांश छपराचा पंखा. ‘आजी, गुडघा दाखवा’ म्हटले की आजी फोन गुडघ्याला चिकटवतात आणि मला फक्त काळोख दिसतो. त्यातून वाट निघते ती सुनेमुळे. फोन धरणारी, मोजणारी, ‘आई, आज केले नाही’ अशी चहाडी करणारी सून असली की रुग्ण सुधारतो. त्या सुनेची स्वतःची कंबर दुखत असते आणि तिची भेट कोणी ठरवत नाही, हे जाता जाता सांगते.

यंत्रांबद्दल म्हादईकाठच्यांनी लिहिले ते आम्हाला बोचले, पण खरे आहे. तरी रुग्णांनाही विचारा. मी यंत्र न लावता नुसते व्यायाम करून घेतले तर बाहेर जाताना ‘आज काहीच केले नाही’ म्हणून पैसे देताना कुरकुर होते. आणि व्यायामाचा फायदा मोठा नाही, हे ‘रोखठोक’ यांचे म्हणणे मी मान्य करते, फक्त एवढे जोडते की त्याच्या तुलनेत गोळ्यांचा आणि यंत्रांचा फायदा काय हेही त्यांनी त्याच काटेकोरपणे पाहावे. डेन्मार्कमध्ये गुडघा बदलण्यास पात्र अशा शंभर रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रिया केलेल्यांना जास्त फरक पडला, गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. पण ज्या पन्नास जणांना व्यायाम, आहार आणि मार्गदर्शन दिले त्यांच्यातील फक्त तेरा जणांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. उरलेल्या सदतीस जणांच्या दृष्टीने हा फायदा लहान नसावा.

मांडीबद्दल. बीजिंगमधल्या वृद्ध स्त्रियांत गुडघ्याची झीज अमेरिकेतील स्त्रियांपेक्षा जास्त आढळली आणि तरुणपणी दिवसाचे तासन्तास उकिडवे बसणाऱ्यांत ती अधिक दिसली. उलट खुब्याची झीज मात्र त्यांच्यात अमेरिकेपेक्षा फारच कमी होती. खाली बसणे विषही नव्हे आणि अमृतही नव्हे. झिजलेल्या गुडघ्याने सलग दोन तास मांडी घालू नये. मध्ये पाय लांब करावा, बूड उंच ठेवावे. सरसकट ‘कधीच बसू नका’ असे सांगणाऱ्याने रुग्णाचे घर पाहिलेले नसते. कुळागरी यांना ठेंगणे स्टूल आणि लांब दांड्याची झोळी सुचवली असती तर सुपारीही वेचली गेली असती आणि गुडघाही राहिला असता.

टाळकरी (पेडणे)

खुब्याचे वाक्य सर्वांनी नीट वाचावे. खाली बसणाऱ्यांचे खुबे शाबूत राहतात, असे आता पेशातल्या बाईच सांगत आहेत. मी दुसरे काय म्हणत होतो?

कुळागरी (फोंडा)

त्याच्या अलीकडचे गुडघ्याचे वाक्यही वाचावे, ते त्याच ओळीत आहे. आणि सभामंडपातल्या गुडघ्यांची एवढी चिंता असेल तर वजनाबद्दलही बोलू या. अंगावरचे एक किलो कमी केले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो, हे संशोधनाने दाखवलेले आहे. भजनानंतरच्या महाप्रसादात शिऱ्याचे दुसरे पान वाढून घेणाऱ्यांनी खुर्चीला दोष देऊ नये.

टाळकरी (पेडणे)

हे माझ्यावर आहे का? आपण मला कधी पाहिलेले नाही. देवाच्या प्रसादावर घसरण्याइतकी पातळी येथे खाली गेली असेल तर मला या चर्चेत रस नाही.

बार्देशकर वाचक

आपण हे म्हटल्यानंतर आणखी तीनदा लिहाल, याची मला खात्री आहे.

म्हादईकाठचा (सत्तरी)

शिऱ्यावरून परत गुडघ्यावर येऊ या.

‘रोखठोक’ यांच्या वहिनींची हकीकत वाचून वाईट वाटले आणि आगाऊ पैसे घेणाऱ्या, न विचारता ‘झीज’ म्हणणाऱ्या ॲपांची बाजू मी घेतलेली नाही, घेणारही नाही. पण त्यांच्या युक्तिवादाची जात पाहा. चुकीचे निदान झाले म्हणून पडदा वाईट. मग ज्या केंद्रात माझ्या आईच्या गुडघ्याला कोणी न तपासता यंत्र लावले, तेथे निदान कोणते झाले होते? तेथे तर छप्पर होते, खाट होती आणि हातही होता. दीर्घकाळच्या दुखण्यात तपासणी ही एकदा किंवा अधूनमधून लागते आणि व्यायाम रोज लागतो. रोजच्या गोष्टीसाठी माणसाला पन्नास किलोमीटर नेऊ नये आणि एकदाच्या गोष्टीसाठी न्यायला कंटाळू नये, एवढेच मी म्हणतो. आईला आधी अस्थिरोगतज्ज्ञाने प्रत्यक्ष तपासले होते, हे मी पहिल्या टिपणात लिहिले नाही, कारण ते मी गृहीत धरले होते.

रोखठोक (डिचोली)

म्हणजे हात आधी लागला होता! एवढा मेलबर्न, एवढा ‘लॅन्सेट’, एवढी गोधडी लिहून झाल्यावर आपण शेवटी माझ्याच दारात आलात, त्याबद्दल अभिनंदन. जी गोष्ट आपण ‘गृहीत धरली’, तीच माझ्या वहिनीच्या वाट्याला आली नाही, आणि जाहिरात पाहून पैसे भरणाऱ्या दहापैकी कितीजण ती गृहीत धरतात, याचा आपण विचार करावा.

तरीही पडद्यामागच्या बाईंनी जी प्रश्नांची यादी दिली ती मी उतरवून घेतली आहे. एखाद्या ॲपवाल्याने पैसे मागण्याआधी हे सगळे विचारले, पूर्वीच्या तपासणीचे कागद मागितले आणि शंका आल्यावर ‘आधी डॉक्टरांना दाखवा, मग या’ म्हणून रुग्ण परत पाठवला, तर त्याला मी लुबाडणारा म्हणणार नाही. असा एखादा सापडल्यास कळवावे.

पडद्यामागची (म्हापसा)

मी परत पाठवते, आणि पाठवलेल्यांपैकी काहीजण दुसऱ्या ॲपवर पैसे भरतात, तेथे त्यांना कोणी परत पाठवत नाही. आणखी एक गोष्ट राहिली. प्रत्यक्ष तपासणी एकदा झाली म्हणजे जन्माची झाली असे नव्हे. तीन महिने नियमित व्यायाम करूनही फरक नसेल, किंवा दुखण्याचा स्वभाव बदलला असेल, तर पुन्हा हातानेच तपासायला हवे. म्हादईकाठच्यांनी आईला पावसाळ्यानंतर एकदा घेऊन जावे. गोधडीच्या घड्या संपल्यावर पुढे काय, हेही तेव्हाच ठरवता येईल.

म्हादईकाठचा (सत्तरी)

घड्या संपल्या आहेत; सध्या ती अंगणाच्या पायरीवर एकेक पाय वर टाकून खाली घेते आहे. दिवाळीच्या आधी नेतो.

टाळकरी (पेडणे)

बार्देशकरांची खात्री खरी करण्यासाठी लिहितो. आमच्या पखवाजवाल्याला काल विचारले. त्याला कोणत्याही ॲपने सांगितलेले नाही. त्याचा डावा गुडघा सुजलेला आहे आणि त्याने आजवर तो कोणालाच दाखवलेला नाही, कारण सुट्टी काढून जायला जमत नाही. त्याला आधी सुजेचे दाखवायला सांगितले आहे. सभामंडपाच्या मागच्या भिंतीलगत लाकडी बाक टाकण्याचा ठराव पुढच्या बैठकीत कोणीतरी आणणार आहे, असे कानावर आहे. तो मी मांडणार नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना माझा विरोध कायम आहे. बाकाला विरोध म्हणून मी हात वर करणार नाही, एवढेच.

कुळागरी (फोंडा)

बाक आला की त्यावर पहिले कोण बसले, ते कृपया येथे कळवावे.